दगडावर मारलंत काय?

गेली पाच-सहा वर्षं दर मे महिन्यात भिकाजी पांचाळ जाहीर करायचा, की हे आपलं शेवटचं साल. पावसाआधीची कामं उरकली की भट्टी विझवायची ती कायमची. ऐकणारे मान डोलवायचे आणि हातातली कोयती पुढे करायचे, "बरं बरं, पण आधी एवढी बघा." मग भिकाजी तोंडाने शिव्या मोजत आणि हाताने कोळसा ओढत पुन्हा बसायचा. सदुसष्टाव्या वर्षी माणसाने दमावं, यात नवल काही नाही. भिकाजीचं दमणं मात्र विश्रांतीने जाणारं नव्हतं. सकाळीच तो दिवसभर घण मारल्यासारखा उठायचा.

त्याची लोहारसाळ सावर्ड्याच्या बाजारापासून थोडी आत. रस्ता रुंद झाला तेव्हापासून ती पत्र्याच्या दोन गाळ्यांच्या मागे गेली होती, आणि नवीन माणसाला "ठणठण ऐकू येईल तिकडे वळा" असं सांगावं लागायचं. आता ठणठणही पूर्वीइतकी नसे. मुलगा निलेश मुंबईला लिफ्टच्या कामावर होता. घरी राहिलेली दोघं, भिकाजी आणि त्याची बायको चंपा. चंपा संगमेश्वरकडच्या लोहाराघरची मुलगी. चालायला लागली तेव्हापासून भात्याशी तिची ओळख, असं तिचा बाप सांगायचा. कातड्याचा भाता जाऊन हाताने फिरवायचा लोखंडी पंखा आला, तरी घरात त्याला भाताच म्हणत, आणि चाळीस वर्षं तो चंपाच फिरवत आली होती. वेळ पडली तर घणही मारायची.

एकच काम तिचं नव्हतं. तापलेल्या लोखंडाचा रंग बघणं. कधी बाहेर काढायचं, कधी बुडवायचं, कधी थांबायचं, हे पुरुषाने सांगायचं. भिकाजीचा बाप असंच करायचा, चंपाचा बापही. बाईने भाता मारावा, घण मारावा, कोळसा वाहावा, राख काढावी. तेवढा रंग तिने बघू नये. का, ते कोणी विचारलं नव्हतं. ज्यांना विचारायला हवं ते विचारण्याच्या आत मरून गेले.

त्या मंगळवारी सकाळी मालन आली, तेव्हा भिकाजी नुसताच बसला होता. मालन म्हणजे खालच्या वाडीतल्या बचत गटाची पुढारीण. फणसाचे तळलेले गरे करून विकणाऱ्या बारा बायकांचा गट, आणि मालनच्या घरामागच्या शेडात त्यांची कढई. तिच्या काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते तिने भिकाजीच्या हातात दिलं नाही, समोर जमिनीवर ठेवलं. धारेची वस्तू हातात देऊ नये, भांडण होतं. पण मालनचा चेहरा असा होता की भांडण आधीच होऊन गेलं असावं.

"बगा काय झालंय ता," ती म्हणाली.

गोणपाटात सुरा होता. हातभर लांब, पाठीला जाड, खैराची मूठ. जीपच्या जुन्या पाट्याचं पोलाद घेऊन बारा वर्षांपूर्वी भिकाजीनेच तो घडवला होता, फणस उभा चिरायला. बारा वर्षांत फणसांचे डोंगर त्याच्याखालून गेले. धार झिजून झिजून पातं अरुंद झालं, तेव्हा यंदा शिमग्याच्या आधी मालनने तो पुन्हा भट्टीत घालायला आणून दिला होता. भिकाजीने तो तापवला, ठोकून रुंद केला, पुन्हा पाणी दिलं, म्हणजे तापवून बुडवून कडक केला. त्याला तीन महिनेही झाले नव्हते.

आणि आता त्याची दशा बघवत नव्हती. धारेला लहानमोठे सात-आठ खड्डे पडले होते, आणि मध्यावरून तर नखाएवढा तुकडाच गेला होता. पात्यावर फणसाचा चीक वाळून काळा पडला होता, त्याखाली गंजाने घर केलं होतं.

"तुकडा कुठाय?" भिकाजीने विचारलं.

"गऱ्यांत मिळाला. नशीब म्हणायचं. आमी आख्खी पाटी ओतून टाकली, बारा जणी दोन तास गरे चाचपत होतो. कोणाच्या पोरानं खाल्लान असतान मंजे?" मालनचा आवाज चढला. "पण शोध लागला. तुमी सांगितलात तसंच निघालं."

"मी काय सांगितलं?"

"असं काय करताव, दादा? आठ दिवसांखाली मी आणला नव्हता काय, दोन खड्डे पडले म्हणून? तुमी बोललात, पोलाद असं तुटत नाय, कोणीतरी नारळ फोडलान याच्यानं, नायतर दगडावर मारलान. मी घरी जाऊन इचारलं. आदल्या दिवशी नारळ कोणी फोडलान? सखूनं. सगळ्यांनी बगितलानी. ती म्हणते, मी कोयत्यानं फोडला. आता म्हणणारच! नि काल तुकडा उडाला तो पण तिच्याच हातात. मी सांगितलं तिला, उद्यापासून येऊ नको. परवा गुरवारी बैठक हाय, नाव कमी करायचं ठरवलंय."

भिकाजीला आठवलं. आठ दिवसांपूर्वी मालन आली होती खरी. डोकं उठलेलं होतं. त्याने सुरा हातात घेतला, चाकावर दोनदा फिरवला, खड्डे थोडे बोथट केले आणि ते वाक्य बोलला. बघितलं काहीच नव्हतं.

ते वाक्य त्याच्या बापाचं. पातं परत आलं की गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत आपण विचारायचं, "दगडावर मारलंत काय?" दहातली नऊ माणसं मारलेलीच असतात, आणि दहाव्याला स्वतःचीच शंका येते. धंद्यातली ही पहिली विद्या, भाता मारायच्याही आधी शिकवलेली. भिकाजीने ती उभ्या जन्मात हजारदा वापरली असेल. यंदा शिमग्यानंतर तर जरा जास्तच वापरली होती.

"गुरवारपर्यंत करून द्या," मालन उठत म्हणाली. "फणसाचे पंधरा दिवस उरलेत. सखूसारखा हात दुसऱ्या कोणाचा नाय, ता पण खरं. पण खोटं बोलणारं माणूस नको मना."

ती गेल्यावर भिकाजी बराच वेळ सुरा मांडीवर घेऊन बसला. सखू त्याला माहीत होती. पन्नाशी ओलांडलेली, तोंडाने फटकळ, हाताने सोनं. तिच्या हातचा गरा असा एकसारखा उतरायचा की तळल्यावर एकही कच्चा नाही, एकही करपलेला नाही. नवरा अंथरुणाला खिळलेला. फणसाच्या दोन महिन्यांवर आणि मग कोकमावर तिचं घर चालायचं. आणि खोटं बोलायची तर तिला गरजच पडत नसे. तिचं खरं बोलणंच इतकं तिखट असायचं.

त्याने सुरा मुठीशी धरून पाठीवर बारीक हातोडी मारली. पातं वाजलं, आवाज स्वच्छ आला. म्हणजे आत चीर नव्हती. मग त्याने तुटलेल्या कडेवरून नख फिरवलं. नख खरखरलं. त्याने पातं डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, उजेडाकडे केलं. पिवळट धूसर काहीतरी दिसलं, बाकी काही नाही.

"चंपा," त्याने हाक मारली, "इकडं ये गो जरा."

चंपा हात पुसत आली.

"तुटलंय तिथं दाणा बघ. कसा हाय?"

पोलाद नीट तापवून नीट बुडवलेलं असलं आणि तरी तुटलं, तर तुटलेल्या जागेचा दाणा बारीक असतो, चाळलेल्या राखेसारखा. दगडावर मारलं तर कड आधी दुमडते, चेपते. फाजील तापवलेलं पोलाद मात्र आतून जाड दाण्याचं होतं, काचेसारखं ठिसूळ, आणि कशावरही तुटतं. हे भिकाजीला माहीत होतं तितकंच चंपालाही. बघायची मुभा नव्हती म्हणून कळत नव्हतं असं थोडंच आहे.

तिने पातं हातात घेतलं. बघितलं, पुन्हा फिरवून बघितलं.

"सांग ना."

"रव्यासारखा," ती म्हणाली. "जाड्या रव्यासारखा."

"कड दुमडलेय कुठं?"

"नाय. कुठंच नाय."

भिकाजीने पातं परत घेतलं. म्हणजे नारळ नाही आणि दगड नाही. सुरा मुळात ठिसूळच झाला होता. शिमग्याच्या आधी, याच भट्टीत, त्याच्याच हाताने.

आणि मग त्याला तो दिवस अख्खा आठवला, ज्याची त्याला अजिबात इच्छा नव्हती. सुरा भट्टीत होता, आणि भाता मारता मारता चंपा म्हणाली होती, "लय तापलाय ओ. पांढरा होत आला." त्याला तर तो जेमतेम लाल दिसत होता. नंतर बुडवून घासून, पाठीकडून पुन्हा मंद ऊब देताना ती पुन्हा बोलली, "अजून रंग चढलेला नाय." त्याला तर सगळं पातं छान पिवळं दिसत होतं. तो खेकसला होता, "तू भाता मार. रंग मी बघतोय." चंपाने भाता मारला. चाळीस वर्षं मारला तसा.

"डोळ्यांचं हाय ता," चंपा हळूच म्हणाली.

मोतीबिंदू पिकत आलाय, हे वर्षापूर्वी तपासणीला आलेल्या डॉक्टरने सांगितलं होतं. ऑपरेशन केलंत तर महिनाभर विस्तवाजवळ जायचं नाही, असंही सांगितलं होतं, आणि भिकाजीने तेवढंच ऐकून विषय बंद केला होता. आपल्याला पेपर वाचायचा नाही, मग डोळे कशाला हवेत इतके? गेल्या महिन्यात तर त्याने चंपाला फैलावर घेतलं होतं, की धुतलेला सदरा असा पिवळा कसा. तिने बिचारीने दोनदा साबण बदलला. सदरा पांढराच होता. पिवळं सगळं त्याच्या डोळ्यांत होतं. आग त्याला होती त्यापेक्षा थंड दिसत होती, आणि रंग यायच्या आधीच आलेला दिसत होता.

चूक लोहाराची, शिक्षा सखूला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि फाशीचा दोरही भिकाजीनेच वळून दिला होता.

"बोलू नको कोणाला," तो म्हणाला.

चंपाने त्याच्याकडे बघितलं आणि आत निघून गेली. त्या दुपारी तिने त्याचं ताट पुढे सरकवलं आणि स्वतः चुलीशी जाऊन बसली. भिकाजीला राग आला, मग लाज वाटली, आणि शेवटी नुसता थकवा उरला. झाकली मूठ सव्वा लाखाची. सुरा नीट करून द्यायचा, पुन्हा तुटला नाही की झालं. सखूचं काय, चार दिवसांनी मालनच बोलावील तिला. माणसं विसरतात. असं तो जेवता जेवता स्वतःला समजावत होता.

दुपारी त्याने सुऱ्याला खोबरेल चोपडलं, चीक मऊ झाल्यावर राख आणि काथ्याने घासून काढला. गंज विटेच्या तुकड्याने उतरवला. मूठ काढून बाजूला ठेवली. मग पातं लाल तापवून चुलीतल्या गरम राखेत गाडून टाकलं, सावकाश निवायला. एकदा ठिसूळ झालेल्या पोलादाला आधी सगळं विसरायला लावावं लागतं, तेव्हा ते नवीन शिकतं.

बुधवारी सकाळी पातं राखेतून निघालं ते मऊ, कानस लागेल असं. तुटलेला तुकडा इतका खोल गेला होता की तिथवर सगळी धार मागे न्यावी लागणार होती. भिकाजीने पातं शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलं आणि कानस चालवायला सुरुवात केली. पूर्वी हे काम तासाभराचं. आता दहा वेळा कानस फिरवली की कोपरात कळ यायची, खांद्यापर्यंत चढायची, मग थांबायचं. घाम डोळ्यांत जाई. डोळे आधीच निरुपयोगी, त्यात मीठ. तो थांबे, भिंतीला टेके, पुन्हा उठे. बारा वाजता निलेशचा फोन आला, नेहमीसारखा, "बाबा, जेवलात काय?" भिकाजी म्हणाला, "जेवलो." जेवला नव्हता. पोराला तरी काय सांगायचं, की तुझ्या बापाने आयुष्यभर सांभाळलेलं एकच काम आता त्याला येत नाही?

उन्हं कलेपर्यंत धार मागे गेली. खड्डे संपले. पातं बोटभर अरुंद झालं होतं, पण सरळ. त्याने भट्टी पेटवली, चंपाला हाक मारली. ती येऊन भात्याशी बसली. पातं लाल करून त्याने दोन-तीनदा हवेतच निवू दिलं, दाणा बारीक व्हावा म्हणून. आता ते पाणी द्यायला पुन्हा तापत होतं. भिकाजी सांडशी धरून आगीत बघत राहिला. त्याला एक तांबूस डाग दिसत होता. तो डाग किती तांबूस आहे, हे विचारायचं म्हणजे काय, ते त्या क्षणी त्याच्याइतकं कोणालाच कळलं नसतं.

"चंपा," तो म्हणाला. "रंग सांग."

भाता थांबला.

"भाता थांबवू नको. रंग सांग गो. मना दिसत नाय."

चंपाने भाता पुन्हा सुरू केला. पदराने डोळे टिपले, धुरामुळे म्हणा. मग तिचा आवाज आला, नेहमीचा, भाजीत मीठ किती ते सांगावं तसा.

"काळपट तांबडा... अजून. टोकाशी जास्त हाय, मागं ओढा. आता सारखा झाला. पिकल्या करवंदाच्या आतला असतो ना, तसा. आता उजळतोय... काढा!"

त्याने काढलं, तेलाच्या डब्यात धारेकडून बुडवलं. तेल फुसफुसलं, धूर आला. त्याला वाटलं होतं अजून निम्मंही तापलेलं नाही.

मग पातं घासून चकचकीत केलं आणि पाठ लालबुंद लोखंडी पट्टीवर टेकवली. आता रंग पाठीकडून धारेकडे सरकणार होता. शिमग्याला चुकली ती हीच जागा. भिकाजीला पातं आधीपासूनच पिवळं दिसत होतं. एकटा असता तर त्याने ते लगेच उचललं असतं, आणि सुरा पुन्हा काच झाला असता.

"अजून घासलेलं पांढरंच हाय," चंपा म्हणाली. "थांबा. पाठीला फिकट पिवळा आला. सरकतोय. मधासारखा झाला... धारेला अजून नाय पोचला."

"आता?"

"थांबा म्हटलं ना." हे तिने त्याला चाळीस वर्षांत पहिल्यांदाच असं सांगितलं असेल. "मध धारेला आला. मागनं तपकिरी येतोय, पाठीला जांभळा. तपकिरी आला, आला... उचला!"

पाण्यात पातं बुडालं. बाहेर कोणाची तरी रिक्षा मागे घेताना आवाज करत होती, तो आवाज दोघांनी शेवटपर्यंत ऐकला.

"शिमग्याला पण तू सांगितलं होतंस," भिकाजी म्हणाला.

"व्हय."

"मग ओरडलीस का नाय माझ्यावर?"

"तुमी ऐकलं असतंत?"

तो चाकाशी बसला आणि धार लावू लागला. आधी चाकावर पाणी सोडत सोडत, मग दगडावर, मग चामड्याच्या पट्ट्यावर. याला डोळे लागत नव्हते. अंगठ्याला कळत होतं. संध्याकाळी मूठ बसवली, हाताच्या पाठीवरचे केस सुऱ्याने उतरले, आणि सुरा नव्यासारखा झाला. भिकाजीला मात्र कसलाही आनंद झाला नाही.

गुरुवारी मालन यायची होती. पण सकाळीच भिकाजीने सुरा गोणपाटात गुंडाळला आणि चंपाला म्हणाला, "चल, पोचवून येऊ." चंपाने काही न विचारता चपला घातल्या.

मालन अंगणात फणस मोजत होती. भिकाजीने तिला बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं. नारळ नाही, दगड नाही. पाणी चुकलं, माझ्या हातून, डोळे गेलेत माझे. मालन ऐकत राहिली. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

"अरे देवा," ती म्हणाली. "मी तर तिला सगळ्यांपुढं खोटारडी म्हटलं."

थोडा वेळ ती फणसाच्या काट्यांवर नख मारत उभी राहिली. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "दादा, असं करूया. तुमी कशाला पुढं होताव? लोकांना कळलं तर तुमच्याकडं येईल कोण? मी सखूला बोलावणं धाडते. सांगते, झालं गेलं विसरलो, तुला माफ केलं, ये कामाला. तिचं पण काम होईल, तुमचं पण नाव राहील, माझं पण."

सोय चांगली होती. सगळ्यांचं सगळं राहत होतं. भिकाजी इतका दमला होता, की त्याच्या तोंडात 'बरं' हा शब्द येऊन थांबला होता. पण चंपा शेजारी उभी होती.

"माफ कशाला करतेस?" तो म्हणाला. "तिनं केलान काय?"

मग ती तिघं सखूकडे गेली. सखूचं घर पऱ्ह्याच्या, त्या लहान ओढ्याच्या, पलीकडे. ती दारात कोकमं फोडत बसली होती. तिने त्यांना बघितलं, बसायला सांगितलं नाही. भिकाजीने उभ्या उभ्या पुन्हा तेच सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं, ते गेलं नाही.

सखूने हातातलं कोकम फोडून पूर्ण केलं.

"ह्या मना कशाला सांगताव?" ती म्हणाली. "मना ठाऊक हाय मी नाय फोडला. मी पंधरा दिवस बोंबलते तेव्हा कोणी ऐकलानी नाय, नि तुमी एक वाक्य बोललात नि ता खरं झालं. जिथं ऐकलानी तिथं जाऊन सांगा. अकरा जणींपुढं." खरं तर पंधरा नाही, दहाच दिवस झाले होते. पण ते दुरुस्त करायची हिंमत कोणाला झाली नाही.

पुन्हा पऱ्ह्या ओलांडून चढ चढताना भिकाजीला दोनदा थांबावं लागलं. सखू त्यांच्या मागून येत होती, पुढे होत नव्हती आणि हातही देत नव्हती.

शेडात कढई चढली होती. खोबरेलाचा वास, फणसांचे ढीग, चिकाने काळे झालेले हात. मालनने सगळ्यांना थांबायला सांगितलं. भिकाजी मधोमध उभा राहिला. बायकांचे चेहरे त्याला दिसत नव्हते, नुसते पिवळट गोळे दिसत होते, आणि त्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच त्याला मोतीबिंदूचे आभार मानावेसे वाटले.

"सुरा सखूनं नाय तोडला," तो म्हणाला. "मी बिघडवून दिला होता. नारळ फोडलान असं मी बोललो ता न बघता बोललो. खोटं माझं हाय. आता नीट केलाय, नि रंग हिनं बघितलान, माझ्या बायकोनं. म्हणून नीट झालाय."

कढईतले गरे वाजत राहिले. सखू पुढे आली. तिने गोणपाट सोडलं, सुरा उचलला, एक फणस ओढून घेतला आणि एका घावात उभा चिरला. मग पात्याला तेल लावून दुसरा घेतला. भिकाजीकडे तिने बघितलंही नाही. तिची जागा तिला मिळाली होती आणि ती कामाला लागली होती. मालन तिच्यापुढे फणस सरकवायला बसली, ते काम पुढारिणीचं नव्हतं तरी.

झालं एकदाचं, असं भिकाजीला वाटलं. आता घरी जाऊन पडायचं. तो वळला, तेवढ्यात कढईशी बसलेली करुणा उठली. बौद्धवाडीतली, कमी बोलणारी. झारा तिच्या हातातच होता.

"दादा," ती म्हणाली, "एक इचारू? आमची कोयती. चैत्रात तिचा पण असाच तुकडा पडलेला. आमचे हे घेऊन आले होते तुमच्याकडं. तुमी सांगितलात, दगडावर मारलान कोणीतरी."

भिकाजी थांबला.

"आमची संस्कृती, धाकटी, तिला कोयती घेऊन अंगणात जायची सवय. ह्यांना वाटलं तिनंच. ती रडून रडून सांगत होती, मी नाय मारली, बाबा, मी नाय. खोटं बोलते म्हणून आणखी मार बसला." करुणाचा आवाज चढला नाही. "आता ती कोयतीला हातच लावत नाय. आठ वर्षांची हाय."

शेडात बसायला जागा नव्हती. भिकाजी फणसाच्या सालींच्या ढिगाशेजारी खालीच बसला. त्याने कोयती आठवायचा प्रयत्न केला. कोयती आठवेना, माणूस आठवेना. आपण बोललो असू, हे मात्र त्याला पक्कं माहीत होतं. किती जणांना बोललो, ते मोजायला त्याची छाती होत नव्हती.

"कोयती घेऊन ये," तो म्हणाला. मग मान हलवली. "नको. मीच येतो. पोरीला सांगायला हवं."

"वर चढ हाय, दादा. लय चढ हाय."

"असूंदे."

त्याने उठायला हात पुढे केला. चंपाने तो धरला आणि त्याला उभं करता करता करुणाला विचारलं, "आत्ता असंल काय ती घरी?"